शब्द हवा: पाळी जायला आलीय, पण गेलेली नाही

अर्धीदुभाषी:
एका दवाखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करून देतेय. विषय पेरिमेनोपॉज. म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीची ती चार-पाच वर्षं, कुणाची आठ-दहासुद्धा, जेव्हा कशाचाच भरवसा नसतो. मी ‘रजोनिवृत्तिपूर्व काळ’ असं ठोकून दिलं होतं. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘मग मी सोळा वर्षांची असतानाही रजोनिवृत्तिपूर्वच होते की.’ निरुत्तर झाले.

खरी पंचाईत पुढेच आहे. ‘हेवी पिरिअड्स’ला यंत्राने ‘जड पाळी’ दिलं, ते अर्थात केराच्या टोपलीत गेलं. मी लिहिलं ‘अंगावर खूप जाणे’. आई, मावशी, दोन्ही आत्या, सगळ्यांच्या तोंडी हेच ऐकलंय. बाईंचं म्हणणं, अंगावर जाणं म्हणजे पांढरं जाणं. लाल असेल तर ‘अंगावरून’ म्हणतात. ‘वर’ आणि ‘वरून’ यात एवढा फरक? की मी जन्मभर चुकीचं ऐकत आले? पत्रक सोमवारी छपाईला जायचंय.

पोटमाळा:
आमच्या घरी ‘अंगावर’ आणि ‘अंगावरून’ दोन्ही चालायचं, पण रंग लावून. लाल जातंय, पांढरं जातंय. नुसतंच ‘अंगावर जातंय’ म्हटलं की आजी विचारायची, ‘अगं, काय जातंय?’ त्यामुळे तुमच्या बाई अर्ध्या बरोबर, तुम्हीही अर्ध्या बरोबर. आणि ‘धुपणी’ हा शब्द आता कुणीच वापरत नाही का? किती नेमका होता.

शुद्धमती:
धुपणी म्हणजे श्वेतप्रदर, पांढरं जाणं. लालसाठी ‘रक्तप्रदर’ आणि ‘अत्यार्तव’ असे दोन शब्द तयार बसलेले असताना ‘अंगावर जाणे’सारखं मोघम बोलणं छापील पत्रकात कशाला हवं? राहिला पेरिमेनोपॉज. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ सख्खी भावंडं आहेत, अर्थही तोच, सभोवती. सरळ ‘परिरजोनिवृत्ती’ म्हणा.

खारीचा वाटा:
हा शब्द उच्चारून होईपर्यंत पुढची पाळी येईल.

शुद्धमती:
येऊ द्या. ‘मेनोपॉज’सुद्धा घडवलेलाच शब्द आहे. गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये आधी ‘मेनेस्पोझी’ असं काहीतरी अवघड काढलं आणि १८२१ मध्ये ते कापून ‘मेनोपोज’ केलं. महिना आणि थांबणं हे दोन ग्रीक शब्द जोडलेत, बाकी काही नाही. त्याने घडवला तर शास्त्र आणि आपण घडवला तर विनोद!

खारीचा वाटा:
पण त्याने निदान पाच वर्षांत कापला. तुम्ही वाढवताय. शिवाय ‘निवृत्ती’ म्हटलं की मला निरोपसमारंभ आणि पेन्शन दिसतं. इथे पेन्शन कुठलं?

शुद्धमती:
‘निवृत्ती’ नको असेल तर सुश्रुतसंहितेत ‘क्षय’ आहे. बाराव्या वर्षानंतर सुरू होतं आणि पन्नाशीला ‘क्षय’ पावतं.

अर्धीदुभाषी:
क्षय! ताई, पत्रक वाचून बायका थेट छातीचा एक्स-रे काढायला जातील.

स्टेथो:
मी स्त्रीरोगाचं काम करते, म्हणून राहवलं नाही. शब्द कुठलाही घ्या, पण ‘जाणे’चा काळ सांभाळा, ही विनंती. व्याख्येप्रमाणे सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच मागे वळून म्हणायचं, ‘गेली’. त्याआधी ती जायला आलेली असते. आधी दोन पाळ्यांमधलं अंतर सात-सात दिवसांनी पुढेमागे व्हायला लागतं, नंतर साठ दिवस किंवा त्याहून मोठे खंड पडतात. हा सगळा तुमचा पेरिमेनोपॉज. ‘रक्त तपासून सांगा ना गेली का’ असं पुष्कळजणी विचारतात. या काळात एफएसएच, म्हणजे त्यासाठी रक्तात मोजतात ते हार्मोन, आज वर तर पुढच्या महिन्यात खाली, एका तपासणीवर काही ठरत नाही.

आता गंमत ऐका. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. सत्तेचाळीस वर्षांच्या एक बाई आल्या. ‘पाळी गेली होती, आता परत जातंय.’ माझ्या शिकाऊ डॉक्टरने कागदावर लिहिलं, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव. हे वाक्य वाचलं की आम्ही खुर्चीत सरळ बसतो, कारण तिथे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आधी नाकारावा लागतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ‘गेली होती’ म्हणजे पाच महिने आली नव्हती. वय पंचेचाळीसच्या पुढचं आणि रक्तस्राव भरपूर, त्यामुळे अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं तरीही योग्यच होतं. पण त्या अहवाल येईपर्यंत ज्या भीतीत जगल्या, ती एका क्रियापदाने घातलेली होती.

उलटंही होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली बाई कौतुकाने सांगते, ‘मला परत पाळी यायला लागली.’ ती पाळी नसते हो. बारा महिने उलटून गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. पत्रकात हे ठळक छापा.

पोटमाळा:
मग मराठीत शब्द आहेच की! ‘पाळी जायला आलीय.’ पाऊस यायला लागला, पैसे संपायला आले, तसंच.

शुद्धमती:
तो शब्द नाही, वाक्य आहे. मथळ्यात काय छापणार? ‘पाळी जायला आलेली असतानाच्या तक्रारी’?

पोटमाळा:
‘पाळी जाताना’. दोन शब्द, मथळा तयार.

ऋतुगंध:
‘ऋतुसंधी’ कसं वाटतं? ऋतू म्हणजे पाळीही. संधिकाल आपोआप आलाच.

खारीचा वाटा:
ऋतुसंधीत सर्दी-पडसं होतं असं लहानपणापासून ऐकतोय. हवामानखात्याला दाखवून घ्या.

नुसती वाचक:
मी इथे कधी लिहीत नाही. ‘पाळी जाताना’ला मात्र माझा विरोध आहे, कारण त्याच वाक्याने माझं वाट्टोळं केलं. ‘जायच्या वेळी असंच जातं.’ आईने सांगितलं, जावेने सांगितलं, ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी सांगितलं. एकच क्रियापद दोनदा, आणि कानाला इतकं पटतं की पुढे प्रश्नच पडत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी दिवसाला एक पॅड वापरणारी बाई दर तासाला बदलायला लागले. रात्री दोनचा गजर लावून उठायचं, तरी चादर धुवायला. नऊ-नऊ दिवस. मीटिंगमध्ये उठायच्या आधी खुर्चीकडे वळून बघायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

आणि बर्फ. फ्रीजर उघडून उभ्या-उभ्या बर्फ चावायचे, रात्रीचासुद्धा. मला वाटलं उष्णता वाढलीय, त्या वाफा येतात ना त्यातलाच प्रकार. पहिल्या मजल्यावर जाताना मध्ये थांबायला लागले तेव्हा नवऱ्याने ओढून नेलं. हिमोग्लोबिन ६.८. बायकांत १२च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. बर्फाची वखवख लोह कमी झाल्याने होती, गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांत गेली.

स्टेथो:
तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, ताई. ‘जायच्या वेळी असंच जातं’ हे मी रोज ऐकते, आणि त्यात अर्धं खरं असल्यामुळेच ते धोक्याचं आहे. या वयात कित्येक महिने बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन या नुसत्या दुसऱ्या हार्मोनवर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, मग उशिरा आणि वेडंवाकडं गळतं. विझताना दिवा मोठा होतो तसं. पण कारण कळलं म्हणून तासाला पॅड भिजणं सोसायचं नसतं. शिवाय फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, पॉलिप म्हणजे अस्तरावरचे कोंब, किंवा थायरॉइडचा बिघाड, यातलंही काही असू शकतं.

किती म्हणजे ‘खूप’, यावर आमच्याकडेही शब्दांचा घोळ होता. जुन्या पुस्तकात एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर म्हणजे मेनोरेजिया. आता ८० मिलिलिटर घरी कोण मोजणार? २०११ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने मेनोरेजिया, मेट्रोरेजिया वगैरे ग्रीक शब्द सोडून साधं बोला असं सुचवलं. रोजच्या जगण्यात आडवं येतंय इतकं जात असेल तर ते जास्त, एवढं पुरे धरतात. तेव्हा शुद्धमती, तुमच्या ‘अत्यार्तवा’चे ग्रीक भाऊबंद निवृत्त झालेत.

शुद्धमती:
त्यांनी त्यांचे सोडले म्हणून आम्ही आमचे सोडायचे? रोगी साधं बोलो, कागदावर नेमकं हवं. आत्ताच तुम्ही सांगितलंत की ‘गेली’ या साध्या शब्दाने गोंधळ केला.

स्टेथो:
हं. हे मात्र मान्य.

अर्धीदुभाषी:
चर्चा भलतीकडे निघालीय, पण थांबवत नाही, कामाचं बरंच मिळतंय. अजून एक अडचण. ‘क्लॉट’ला मी ‘गाठी’ लिहिलंय. ‘गाठी पडणे.’ बरोबर ना?

नुसती वाचक:
नको!! मी सोनोग्राफीच्या खोलीत म्हणाले ‘गाठी पडतायत’. तिथल्या ताई म्हणाल्या, ‘गाठी कुठे दिसत नाहीयेत.’ त्या फायब्रॉइड शोधत होत्या, मी रात्री पडलेल्या रक्ताच्या गोळ्यांबद्दल बोलत होते. ‘गुठळ्या’ लिहा.

स्टेथो:
गुठळ्याच. आणि मोठी म्हणजे केवढी तेही लिहा. अडीच सेंटिमीटर लिहून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, ‘अंगठ्याच्या पेराएवढी किंवा मोठी’ म्हणा.

असाच घोळ ‘तांबी’चा, म्हणजे गर्भाशयात बसवतात त्या कॉइलचा. हार्मोनवाल्या कॉइललाही सगळे तांबीच म्हणतात. एका पेशंटला मी म्हटलं, तांबी बसवू, रक्तस्राव कमी होईल. ती तडक उठून निघाली, बहिणीला तांबी बसवल्यावर दुप्पट जायला लागलं होतं म्हणून. बहिणीची खरोखर तांब्याची होती, आणि त्याने काहींचा रक्तस्राव वाढतो. ही लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची. आकार तोच, काम उलटं, तांब्याचा कणही नाही. हिला मराठीत काय म्हणू, तेवढं सांगा.

खारीचा वाटा:
बिनतांब्याची तांबी.

नुसती वाचक:
मला तीच बसवलीय. आधी काही महिने जास्त जायच्या दिवसांपुरत्या, रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या होत्या. कॉइल बसवल्यावर पहिले तीन-चार महिने डाग-डाग, वैताग आला होता. आता नावाला जातं. ‘नावाला जातं’ हेही घ्या तुमच्या यादीत.

पोटमाळा:
मी अजून धुपणीवरच अडकलोय. जमिनीची धूप होते ना, तोच धातू असणार. वरची कसदार माती हळूहळू वाहून जाते आणि वरून काही कळत नाही. नुसती वाचक यांचं ६.८ वाचून तर खात्रीच पटली. मग ते फक्त पांढऱ्यालाच का? लाल गेल्यावर धूप होत नाही?

शुद्धमती:
ही व्युत्पत्ती नव्हे, कविता झाली. आमच्या आजोळी धुपणी म्हणजे पांढरंच.

पोटमाळा:
आमच्या आजीच्या तोंडी दोन्हीला. आणि तिला सात मुलं होती, तिचा शब्द मी खाली पडू देणार नाही.

कुळवकरी:
शेतीचं निघालंच आहे तर, कुळवाची पाळी घालतात ती ‘पाळी’ हीच का? एक पाळी घातली, दोन पाळ्या घातल्या, म्हणजे रानातून एकदा फिरून येणं. आपल्याकडे पाणी भरायची पाळी येते ती पण आहे.

शुद्धमती:
अर्थ ‘क्रम, फेरा’ असाच, तिन्हीकडे. कानाच्या पाळीचं काय करायचं ते मात्र बघावं लागेल.

अर्धीदुभाषी:
कानाची पाळी राहू द्या हो! ‘हॉट फ्लश’ला मी ‘उष्ण लहरी’ लिहिलंय, तपासणाऱ्या बाईंनी पुढे ‘हवामान?’ लिहून प्रश्नचिन्ह काढलंय.

नुसती वाचक:
‘वाफा’. छातीतून निघून मानेवर, मग कानापर्यंत. दोन-तीन मिनिटं, मग दरदरून घाम, आणि वर थंडी वाजते ती वेगळी. लहर बिहर नाही.

ऋतुगंध:
‘झळा’ जास्त चांगला नाही का?

स्टेथो:
झळ बाहेरून लागते, वाफ आतून निघते. वाफाच घ्या.

अर्धीदुभाषी:
घेतला. मथळा सध्या असा केलाय: ‘पाळी जाण्याच्या वाटेवर असताना’. खाली एकदाच पेरिमेनोपॉज. ‘अंगावर जाणे’ काढून ‘लाल जास्त जाणे’ केलं. आणि नुसती वाचक, तुमची परवानगी असेल तर पहिल्याच पानावर चौकट टाकते: ‘जायच्या वेळी असंच जातं’ असं कुणी म्हणालं तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

नुसती वाचक:
टाका. खाली नाव नको.

शुद्धमती:
‘वाटेवर असताना’ म्हणजे पाळी वाटेवर आहे असा अर्थ होतो. म्हणजे येतेय.

पोटमाळा:
काही महिन्यांत येतेही की. बाय द वे, दोन जुने कोश काढून बसलोय. धुपणी सापडली की कळवतो.

कुळवकरी:
आणि कानाची पाळी?