शाळेत ठसेकाम आणि मातीकाम: मुलांसाठी की सरांच्या हौसेसाठी?

गेरू

मी एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवतो. तालुक्याचं गाव, एकेका वर्गात साठेक मुलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून गेल्या वर्षी सहावी-सातवीच्या चित्रकलेच्या दोन तासिका सलग करून घेतल्या. पहिल्या सत्रात ठसेकाम, दुसऱ्यात मातीकाम. भेंडी-बटाट्याचे ठसे मुलं बालवाडीत करूनच आलेली असतात, त्यामुळे सातवीला थेट लिनोला (लिनोलियमचा, कोरता येणारा मऊ तुकडा) हात घातला. कटरने कोरायचं, रोलरने शाई चढवायची, वर कागद ठेवून डावाच्या पाठीने घासायचं.

पहिल्याच दिवशी एका मुलीने कावळा काढला. रेघ सुंदर. मग तिने इमानेइतबारे आख्खा कावळा कोरून टाकला आणि कागदावर काळ्या आभाळात पांढराशुभ्र कावळा आला. जे कोरलं ते पांढरं राहतं, हे मी दहा मिनिटं फळ्यावर समजावलं होतं. ते तिला कळलं त्या कागदाकडे बघून. मग मी नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेच्या गांधीजींचं लिनोकट दाखवलं, काळ्यावर पांढऱ्या रेघांतली ती काठी घेतलेली आकृती. ती म्हणाली, "म्हणजे यांनी फक्त उजेड कोरलाय." वीस वर्षांत वस्तुचित्राच्या तासाला मला असं वाक्य ऐकायला मिळालेलं नाही.

दुसऱ्या मुलाने 'ठसा' हा शब्द सरळच कोरला. छापल्यावर काना डावीकडे, स उलटा, आणि ठ तेवढा जसाच्या तसा! अर्धा तास वर्ग आरशातही न बदलणारी अक्षरं शोधत होता.

आता वादाचा मुद्दा. डिसेंबरात मातीच्या वस्तू भाजल्या. मैदानाच्या कडेला विटा रचून, लाकूड-गोवऱ्या लावून. एका मुलाचा हत्ती आत फुटला, फटाक्यासारखा आवाज झाला आणि त्याच्या तुकड्यांनी शेजारच्या अकरा जणांच्या वस्तू फोडल्या. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. पालकसभेत यावरून बरंच झालं. शाई, कटर, चिखल आणि वर हे. "चित्रकलेच्या तासाला चित्रं काढा" असा एकूण सूर.

माझं म्हणणं असं की चित्रात खोडरबर असतो, या दोन कामांत नसतो. कोरलं ते गेलं, भाजलं ते पक्कं झालं. चुकीसोबत राहायला मुलांनी कधीतरी शिकायला हवं, मग शाळेत का नको? तुम्हाला काय वाटतं?

रांगोळीचा_ठिपका

सर, मी त्या पालकसभेत नव्हते, पण असते तर बोलले असते. माझी मुलगी सातवीत आहे, अशाच एका शाळेत. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेला चार पेपर असतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. ठसेकाम त्यात कुठेच नाही. पुढे इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण मिळतात. ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या कटऑफला पाव टक्क्यावरून कॉलेज जातं हो! तुम्हाला हे क्षुद्र वाटेल. ज्यांच्या मुलांना डोनेशन भरून प्रवेश मिळतो त्यांना वाटतंच.

आठवड्यात दोन तासिका. त्याही चिखलात गेल्या तर स्मरणचित्राचा सराव आम्ही बाहेर क्लास लावून करायचा का?

सतत_स्केच

ठिपकाताईंचं कारण मार्कांचं आहे, माझं वेगळं. मी एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) केलंय, बारा वर्षं शिकवलंय. रेखांकन हा पाया. ज्या मुलाला समोरच्या तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड दिसत नाही, तो मातीचा तांब्याही वेडावाकडाच करणार. आधी डोळा तयार व्हावा, मग हात. उगाच 'अनुभव' म्हणून सगळं एकदम दिलं की स्नेहसंमेलनात टेबलभर वस्तू मांडता येतात, ग्रुपवर फोटो जातात, आणि रेघ मात्र तशीच लटपटती राहते.

गेरू

@सतत_स्केच, ती कड दिसत नाही म्हणूनच तर माती. मातीचा वाडगा करताना तोंड गोल आहे हे बोटांना कळतं. तोच वाडगा समोर ठेवून काढायला सांगितला की लंबगोल पहिल्यांदा बरा येतो. हे मी वर्गात पाहिलंय. आणि आधी डोळा, मग हात हा क्रम ठरवला कुणी? माणसाने मडकं आधी केलं, वस्तुचित्राचा पेपर फार नंतर निघाला.

@ठिपकाताई, ७ गुणांचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाटीपेन्सिल

आपल्याकडची गंमत बघा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकाम उभं केलं, त्या भांड्यांचा तेव्हा बोलबाला होता. म्हणजे कलाशाळेत माती दीडशे वर्षांपूर्वी आली. आपल्या देवघरांत 'चित्र' शिरलं तेही छापूनच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी म्हणजे दगडावरून रंगागणिक वेगळा ठसा घेत केलेला छाप. आणि शाळेत मात्र चित्रकला म्हणजे फुलदाणी आणि दोन लिंबं.

सातव्या_मजल्यावरून

यूट्यूबवर सगळं आहे. ज्याला हौस असेल तो घरी शिकेल. शाळेने गणित-विज्ञान धड शिकवलं तरी पुष्कळ.

पाटीपेन्सिल

@सातव्या मजल्यावरून, गणितही यूट्यूबवर आहे. मग शाळा बंदच करून टाकू.

हिशेबनीस

मी एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, म्हणून जरा कोरडं लिहितो. साठ मुलं, दहा कटर. म्हणजे पन्नास मुलं रिकामी, आणि रिकामी मुलं काय करतात ते सरांना माहीत आहे. आमच्याकडे असाच प्रयोग झाला तेव्हा पहिल्या तासाला दोघांची बोटं कापली. छापखान्याची तेलाची शाई गणवेशावरून जात नाही, त्याचे फोन ऑफिसात येतात. विजेच्या भट्टीची चौकशी केली तर भाव लाखाच्या वर, वर थ्री-फेज जोडणी.

शिकवणार कोण हा त्याहून मोठा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर गेली की कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक द्या असं आहे. पूर्णवेळ नव्हे, अंशकालीन. तोही किती शाळांत दिसतो? गेरू सरांसारखा एखादा असतो. त्यांची बदली झाली की रोलर कपाटात वाळत पडणार.

गेरू

@हिशेबनीस, बोटं कापतात ती लिनो धरणारा हात कटरच्या पुढे ठेवल्यामुळे. हात कायम मागे, हा आमच्या वर्गातला एकच कडक नियम. लिनो आधी दहा मिनिटं उन्हात ठेवतो. मऊ पडतो, जोर कमी लागतो, कटर निसटत नाही. दहा जण कोरतात, दहा जण छापतात, बाकीचे चित्र उलटं करून ट्रेस करतात. सहावीच्या लहानग्यांना कटर नाहीच, ते जुन्या स्लिपरचं रबर कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. शाई आधी गोडेतेलाने पुसायची, मग साबण. रॉकेल मुलांच्या हातात देत नाही. गणवेशावर जुना शर्ट उलटा घालायचा.

बदलीचं म्हणालात ते मात्र लागलं.

फुप्फुसवाला

डॉक्टर आहे, एवढंच सांगतो. वाळलेल्या मातीची वर्गात झाडलोट करू नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा, मुलं बाहेर असताना. आणि चकाकीसाठी कुठलंही ग्लेझ आणाल तर शिसं नसलेलं. खेळातल्या वाटीतून मुलं पाणी पितातच.

चाकावरचा

सगळं वाचलं. मी कुंभाराच्या घरातला, सातारा जिल्हा. वडील अजून चाकावर बसतात. संक्रांतीला सुगडं, दिवाळीला पणत्या, मध्ये चुली आणि माठ. मी बँकेत आहे.

सर, एकच प्रश्न विचारतो. हत्ती किती दिवस वाळला होता? आणि पोट भरीव होतं का?

गेरू

चार दिवस. भरीव होता. बाहेरून पांढरट पडला होता, वाळलेला वाटला.

चाकावरचा

अंदाज होताच.

हत्तीच्या पोटाएवढा भरीव गोळा चार दिवसांत आतून वाळत नाही, डिसेंबरातही नाही. बाहेरून पांढरा पडतो, आत ओल तशीच. आमच्याकडे वस्तू गालाला लावून बघतात. गार लागली तर आत पाणी आहे, आव्यात (भट्टीत) घालायची नाही. शंभर अंशांवर त्या पाण्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशेपट जागा मागते. तिला वाट मिळाली नाही की हत्ती फुटणारच. वडील मातीत घोड्याची लीद आणि राख उगाच मिसळत नाहीत. लिदीतल्या काड्यांमुळे माती मोकळी राहते, ओल आणि वाफ निघून जायला वाट मिळते. आणि सुरुवातीला आवा नुसता धुरावर ठेवतात, तासन् तास. एकदम जाळ नाही.

म्हणजे चूक मुलाची नव्हतीच. तुम्ही वर लिहिलंय की चुकीसोबत राहायला मुलांनी शिकावं. कुणाच्या चुकीसोबत? पोराने हत्ती चांगलाच केला असणार. भरीव पोट चालत नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि घाई दुसऱ्याच कुणाला होती. मग दोन दिवस घरी बसला तो का?

दुसरी गोष्ट. मी शाळेत असताना हाताच्या रेघांत माती असायची म्हणून मला वर्गात नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही. आता तीच माती शहरात रविवारच्या वर्कशॉपला हजाराच्या वर फी घेऊन शिकवतात, फोटो काढतात. मला राग नाही, गंमत वाटते. पण तुमच्या गावात कुंभारवाडा असेलच. त्या वर्षभरात तिथल्या एकाही माणसाला शाळेत बोलावलंत? मानधन देऊन, खुर्ची देऊन? की गोवऱ्या लावायला मदतीला माणूस हवा तेवढ्यापुरतं?

सतत_स्केच

हे पटलं. माझा विरोध तसाच आहे, पण हे पटलं.

रांगोळीचा_ठिपका

चाकावरचे दादा, माझ्या मनात होतं ते तुम्ही नीट मांडलंत. 'अपयशातून शिकणं' हे शब्द शिक्षक फार पटकन वापरतात. अपयश पोराचं, शिकवण सरांची.

पाटीपेन्सिल

थोडं सरांच्या बाजूने बोलू द्या. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, हस्तोद्योगाभोवती शिक्षण. त्याला विरोध झाला तेव्हाही एक मुद्दा हाच होता की आमच्या मुलांना पुन्हा कारागीर करताय का. माती शाळेत आली की जात, मार्क, वेळापत्रक सगळं तिच्यासोबत येतं. म्हणून ती शाळेबाहेर ठेवायची म्हटलं तर 'हाताला माती म्हणजे कमीपणा' हे तसंच चालू राहील. कुंभाराला खुर्ची द्यायची तर आधी शाळेत मातीचा तास तरी हवा ना?

चाकावरचा

@पाटीपेन्सिल, तास नको असं मी कुठे म्हणालो? वाळवायला पंधरा दिवस द्या एवढंच म्हणालो.

गेरू

दोन दिवस काही लिहिलं नाही.

चाकावरचे दादा, घाई माझीच होती. स्नेहसंमेलनात वस्तू मांडायच्या ठरल्या होत्या, पाहुणे येणार होते. हत्ती मी हातात घेतला होता, जड लागला होता, आणि तरी ठेवला. गालाला लावायचं मला माहीत नव्हतं. पदविकेच्या वर्षांत आम्ही शाडूचं काम केलं, ते वाळवून रंगवायचं असतं, भाजायचं नसतं. भाजणं मी व्हिडिओ बघून शिकलो. (सातव्या मजल्यावरच्यांनी हे वाचून खूश व्हावं.) पालकसभेत मी 'मातीकामात असं होतं' एवढंच बोललो होतो.

आज त्या मुलाला वर्गासमोर सांगितलं की हत्ती माझ्यामुळे फुटला. त्याने विचारलं, "मग त्या अकरा जणांना पण सांगा ना, ते मला बोलतात." सांगितलं.

गावात कुंभाराची दोनच घरं उरलीत. त्यातल्या एका काकांकडे संध्याकाळी जाऊन आलो. येतो म्हणाले, पण सुगडांचा माल जाईपर्यंत नाही, म्हणजे संक्रांतीनंतर. मानधनाचं मुख्याध्यापिकाबाईंशी बोललोय. स्नेहसंमेलनाच्या खर्चात बसवू म्हणाल्या, कागदावर 'सजावट' असं जाईल. हिशेबनीसांनी कानाडोळा करावा.

हिशेबनीस

केला.

चाकावरचा

काकांना माती त्यांचीच आणायला सांगा, बाजारची नको. हत्ती करायचा तर पोट चमच्याने पोकळ करून पायाखालून एक भोक ठेवायचं. सोंड चिकटवताना दोन्हीकडे रेघा मारून मध्ये पातळ चिखल लावायचा, नुसती दाबली तर गळून पडते. आणि पहिल्या आव्यात त्या अकरा जणांच्या वस्तू आधी ठेवा.

रांगोळीचा_ठिपका

हे सगळं छान. पण सर, स्मरणचित्राचा सराव कधी?

गेरू

शनिवारी सकाळी शाळेआधी एक तास घेतोय, पुढच्या आठवड्यापासून. तुमच्या शाळेतल्या सरांनाही सुचवून बघा.

रांगोळीचा_ठिपका

शनिवारी सकाळी तिचा गणिताचा क्लास असतो.