रॉ एडिट केला की फोटो खोटा?

उजेडवेडा: "कॅमेऱ्यातून निघतो तोच खरा फोटो, रॉ घेऊन संगणकावर बसणारे नुसते रंगारी." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. अहो, रॉ म्हणजे सेन्सरने, प्रकाश टिपणाऱ्या चिपने, केलेली कच्ची नोंद. त्यातल्या एकेका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग कळतो. बाकीचे दोन कॅमेराच शेजाऱ्यांवरून अंदाजपंचे भरतो. वर कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, नॉइज पुसणं. रॉमधले उजेडाचे १४ बिटचे १६,३८४ स्तर ८ बिटच्या २५६ वर आणले की झाला तुमचा 'खरा' जेपेग, कॅमेऱ्यातून निघणारा तयार फोटो. एडिटिंग तिथेही आहेच, फक्त कंपनीच्या इंजिनिअरच्या आवडीचं.

काटेकोर: आकडे फेकू नका. रॉ लिनियर असतो, म्हणजे उजेड दुप्पट की आकडाही दुप्पट; म्हणून निम्मे स्तर सर्वांत वरच्या एका स्टॉपमध्येच (स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट) जातात. जेपेगला गॅमा असतो, म्हणजे गडद भागाला जास्त स्तर मिळतात. दिसतो तेवढा फरक नाही.

उजेडवेडा: सावल्या दोन स्टॉप उचलून बघा, मग बोलू.

जुनाखोड: पोस्ट माझीच. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये फ्रीलान्सरांना रॉवरून केलेले फोटो पाठवू नका म्हणून सांगितलं. ते काय वेडे?

काटेकोर: बातमी लवकर पोचावी हाही हेतू होता. आणि कॅमेऱ्यात रंग भडक करणारं 'व्हिव्हिड' लावून काढलेला जेपेग खरा कसा, तेवढं सांगा.

बिनपैशाचा: मुद्दा वेगळाच आहे. नवा कॅमेरा घेतला, तर विकत घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर त्याची रॉ फाइल उघडेना! आता म्हणे दरमहा पैसे भरा. फोटो माझे, भाडं यांना!

काटेकोर: डीएनजीत, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या रॉच्या प्रकारात, बदला. अडोबीचा कन्व्हर्टर फुकट आहे.

बिनपैशाचा: म्हणजे एका फाइलसाठी दोन सॉफ्टवेअर. वा!

उजेडवेडा: डार्कटेबल हे रॉ एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे की.

बिनपैशाचा: ते शिकण्यात फोटो काढायचे राहून जातात. स्वतः वापरलंयत का कधी?

पडद्यामागे: भाड्याचा वेगळा धागा काढा हो. मी नाटकांचे फोटो काढते. लाल एलईडीच्या झोतात नायिकेचा चेहरा जेपेगमध्ये म्हणजे सपाट लाल डाग, नाक कुठे संपतं कळेना. त्याच क्लिकच्या रॉमध्ये एक्स्पोजर खाली ओढलं, तर कपाळावरची आठीसुद्धा परत आली. आता ही आठी खोटी का?

जुनाखोड: एक्स्पोजर आधीच कमी ठेवायचं होतं. हिस्टोग्राम, फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख, कशाला असतो?

पडद्यामागे: तो जेपेगवरूनच काढलेला असतो, काका. रॉमध्ये काय शिल्लक आहे ते त्याला दिसत नाही.

जुनाखोड: बरं, नाटकापुरतं माफ. पण सूर्यास्त जांभळे करणाऱ्यांना नाही.

बिनपैशाचा: आणि भाड्याचं काय?