गृहकर्ज घेताना तुमचं घोडं कुठल्या कागदावर अडलं?

कट्टेकरी
भाच्याचं होमलोन काल मंजूर झालं, घरबसल्या, मोबाईलवर. मला माझं 2004 आठवलं. बँकेतल्या साहेबांनी सॅलरी स्लिपवरच्या पतसंस्थेच्या कपातीला लाल पेनाने गोल केला, कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "एवढंच बसतंय." मागितले आठ लाख, बसले साडेसहा. उरलेले पीएफमधून काढले. वर फ्लोटिंग, म्हणजे बदलता व्याजदर. 2008 पर्यंत व्याज चढत गेलं, हप्ता तोच, त्यामुळे आम्ही निवांत. मग एकदा स्टेटमेंट नीट वाचलं तर 15 वर्षांचं कर्ज 20 च्या पलीकडे गेलेलं. कळवलं कुणीच नव्हतं.
तर मंडळी, येऊ द्या तुमचे किस्से.

चिंगी
नाव!!! पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं, पगाराच्या स्लिपवर नुसती आद्याक्षरं. बँकेला वाटलं तिघीजणी आहोत. आधी म्हणे नावबदलाचं सरकारी गॅझेट करून आणा, शेवटी मॅरेज सर्टिफिकेट आणि अ‍ॅफिडेव्हिटवर भागलं. कुकर लावलाय, बाकी नंतर

बुवा_ठाणेकर
तिघींचे पगार धरायला सांगायचे की, पात्रता तिप्पट :)

चिंगी
हाहा, तेव्हा तुम्ही कुठे होतात!

खटपट्या
आमचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. धंदेवाल्याला कर्ज म्हणजे आधी रिटर्न दाखवा. रिटर्नमध्ये निव्वळ नफा किती ते बघणार. म्हटलं साहेब, उलाढाल बघा. तर म्हणे उलाढालीतून हप्ता जात नाही. मशीनचा हप्ता चालू होता तोही वजा केला. अखेर बायकोचा फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) जोडला, ती शिक्षिका आहे. घरात तिचाच शब्द चालायचा, आता बँकेतही.

रानवारा
@कट्टेकरी, आता तसं गुपचूप करता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारायचं. मुदत वाढली की काय होतं ते सुरुवातीचे हप्ते बघितले की कळतं. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण 26 हजार, त्यातले पहिल्या महिन्यात 21,250 नुसतं व्याज. मुद्दल पाच हजारसुद्धा नाही.

मीनल_नाशिक
आमचा रिसेलचा किस्सा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. नव्वदच्या दशकातली सोसायटी, आम्ही तिसरे मालक. बँकेच्या वकिलांना साखळी पूर्ण हवी. म्हणजे बिल्डरकडून पहिल्याने घेतलं तो करार, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतलं तो करार, सगळं मूळ. पहिलाच गायब. विकणारे काका म्हणाले, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. ट्रंकेत निघाली लाईटची बिलं, स्कूटरचं आरसी बुक आणि कुणाची तरी जन्मपत्रिका! मग पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, वकिलामार्फत पेपरात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित प्रत. तोवर काकांचे फोन, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे हं."
त्यात सोसायटीची एनओसी. सेक्रेटरी म्हणे आधी थकलेला मेंटेनन्स भरा. थकवला काकांनी, घाई आम्हाला! शेवटी व्यवहाराच्या रकमेतून वळता केला.
एवढं झाल्यावर व्हॅल्युअर आला. लेझरने खोल्या मोजल्या, आत घेतलेली बाल्कनी सोडून दिली. त्याची किंमत आमच्या सौद्यापेक्षा कमी, आणि बँक दोन्हींत जी कमी तीच धरते. तेवढा फरक आमच्या खिशातून.

चिंगी
जन्मपत्रिका 🤣 जुळली का मग?

काटकसरी_काका
खिशातून किती जातात हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी: कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80, त्यावर 75. आणि या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. पुण्यात 60 लाखांचा रिसेल फ्लॅट घ्या. बँक जास्तीत जास्त 48 देणार. 12 आपले. मुद्रांक 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार. झाले साडेसोळा. एजंट, वकील, रंगरंगोटी अजून बाकीच. बांधकाम चालू असलेला घेतलात तर 5 टक्के जीएसटी वेगळा.

सई_पी
काका, फ्लॅट बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक 1 टक्का कमी. एप्रिल 2021 पासून आहे ही सवलत. तुमच्या हिशोबात 60 हजार वाचले.

खटपट्या
आणि नवऱ्याचं नाव जोडलं तर?

सई_पी
तर गेली सवलत.

काटकसरी_काका
पण मालकीत नाव नसेल तर नवऱ्याला हप्ता भरूनही व्याजाची वजावट मिळत नाही, हे विसरू नका. नव्या कर प्रणालीत तर राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही.

बुवा_ठाणेकर
म्हणजे घर तिचं, हप्ता माझा, वजावट कुणालाच नाही. उत्तम.

गप्पगार
चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन होतो. त्याने हप्ते थकवले, डाग माझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. माझा अर्ज तिथेच नामंजूर. तो दिवाळीला येतो, चकल्या खातो, जातो.

चिंगी
अरेरे. बोलला नाहीत त्याला काही?

गप्पगार
काकू समोर असतात.

मीनल_नाशिक
समजू शकते. आमच्याकडेही असे एक भावोजी आहेत.

वाटसरू
थोडं अवांतर. पनवेलकडे सर्च रिपोर्टसाठी (मालकीचे जुने कागद तपासायला) चांगला वकील आहे का कुणाच्या माहितीत? बिल्डर म्हणतोय 20 टक्के आत्ता भरा, करार नंतर करू.

रानवारा
थांबा, भरू नका. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत त्याला. महारेराच्या साईटवर प्रकल्प क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय तेही बघा. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे?

वाटसरू
"येतेय" म्हणतो.

बुवा_ठाणेकर
आमच्या बिल्डिंगची पण येतेय. मुलगा दहावीला गेला.

रानवारा
@कट्टेकरी, कर्ज फिटल्यावर कागद मिळाले का? डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांत मूळ कागद द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 भरपाई.

कट्टेकरी
मिळाले, पण माझं त्याआधीच फिटलं. भरपाई असती तर किचन ट्रॉली झाली असती त्यात.

चिंगी
ट्रॉलीवरून आठवलं, स्टीलच्या घ्याव्यात की प्लायवूडच्या? आमच्याकडे झुरळं फार

मीनल_नाशिक
स्टील! प्लायवूडचा विचारही करू नकोस. व्यक्तिगत निरोप करते.

वाटसरू
वकिलाचं कुणीतरी सांगा हो.