मदत हवी आहे : अतिवास्तववादाच्या वैचारिक बाजूवरील मराठी लेखन

कोल्हापुरातील आमच्या वाचनगटात पुढील महिन्यात मला अतिवास्तववादावर, म्हणजे ‘सररिअलिझम’ या कला-साहित्यातील चळवळीवर, ४० मिनिटांचे टिपण वाचायचे आहे. या चळवळीचे प्रवर्तक, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांचा १९२४ चा जाहीरनामा मी इंग्रजी अनुवादातून वाचला असून, तर्काचा पहारा उठवून मनाचा ओघ जसाच्या तसा कागदावर उतरवण्याची त्यांची कल्पना आणि तिच्यावरील मनोविश्लेषक फ्रॉइडचे ऋण, हे धागे हाती आहेत. शहरातील दोन ग्रंथालये धुंडाळली. परंतु मिळालेले मराठी लेखन चित्रकार दालींच्या वितळत्या घड्याळांपाशीच थांबते. माझ्या मते ही चळवळ आधी जगण्याविषयीची भूमिका होती, चित्रशैली नंतर.

खरी अडचण पुढे आहे. रंकाळ्याच्या वाटेवरील एका जाहिरात फलकावर ढगांत तरंगणारा बूट आणि त्यातून उगवलेले झाड दिसते. प्रतिमा त्याच घराण्यातली, हेतू मात्र विक्रीचा. निव्वळ उपयुक्ततेच्या विरोधात उभी राहिलेली दृष्टी बाजाराने अशी पचवल्यावर तिच्यातील बंडखोरी उरते का, हा टिपणाचा गाभा आहे.

मला फ्रेंच येत नाही, आणि श्रोत्यांना पुढे वाचता यावे म्हणून संदर्भ मराठीच हवेत. या प्रश्नाला भिडणारा मराठी लेख कोणाच्या वाचनात आला आहे का, आणि ‘ऑटोमॅटिझम’साठी, म्हणजे मनाचा ओघ जसाच्या तसा उतरवण्याच्या ब्रेताँ यांच्या त्या कल्पनेसाठी, मराठी समीक्षेत कोणता शब्द रूढ आहे?