गेलेल्या माणसांच्या खोडी आठवताहेत? इथे लिहा

रिकामटेकडी_पुणे
काल स्वारगेटला उभी होते. एका कंडक्टरने दारावर हाताने दोन थापा मारल्या, टण टण, आणि गाडी हलली. अण्णा (माझे वडील) डोळ्यांपुढे आले एकदम. अण्णा एसटीत कंडक्टर. जन्म 1948चा, आणि पहिली एसटी पुणे-नगर धावली तीही जून 1948मध्येच. त्यामुळे "मी आणि एसटी एकाच वर्षी रस्त्यावर आलो" हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागायचं. तिकिटाच्या चिमट्याने अंगठ्याला पडलेला घट्टा रिटायर झाल्यावरही गेला नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले की सीटवर दोन थापा. त्याशिवाय मी गाडी काढायची नाही! लग्नात पंगतीला उभे राहून "सरका पुढे, मध्ये जागा आहे" म्हणायचे, आई लाजेने अर्धी व्हायची.
फोटोत न दिसणारं असं काही तुमच्याही घरच्यांचं असेल ना? लिहा.

लालबागचा_नातू
आमचे आजोबा कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर. 18 जानेवारी 1982ला जे बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. संप अधिकृतरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. आजीने दळण आणायला सांगितलं की "मी संपावर आहे." नळाला पाणी आलंय, उठा, तरी "संपावर आहे." घर चाललं आजीच्या पोळीभाजीच्या डब्यांवर, हे मात्र ते स्वतःहून सांगायचे. आजी गेली त्या दिवशी दळणाचा डबा उचलून गेले गिरणीत. कोणी सांगितलंही नव्हतं.

मोगरा७
आई. मार्चमध्ये गेली. नंतर लिहीन.

रिकामटेकडी_पुणे
मोगरा, सावकाश गं. घाई नाही.
नातू, शेवटचं वाचून गलबललं.

तिरसट_काका
आमच्या आत्याबाईंचं पंचांगच वेगळं. "हे पानशेतच्या आधीचं की नंतरचं?" 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं आणि शनिवार पेठेतलं घर पाण्यात गेलं. पुढे कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली तरी कागदपत्रं, लोणची, चांदीची वाटी, सगळं सर्वांत वरच्या फळीवर. बाई पावणेपाच फूट. लोणचं हवं असेल तर शेजारच्या उंच मुलाला हाक. तो मुलगा आता अमेरिकेत आहे, फोन केला की आधी आत्याच्या लोणच्याचं विचारतो. स्वभावाने खाष्ट होती हो, उगाच गेली म्हणून गोड कशाला करू? माझ्या बायकोला तिने पहिली पाच वर्षं नावाने हाक मारली नाही.

वांद्रीकर
काका, पाच वर्षांनी मारली ना? आमच्याकडे अजून "अगं ए" चालू आहे 😄

कुडाळची_सून
सासूबाई कुळीथ पिठी करायच्या तेव्हा आमसुलं मोजून टाकायच्या, आणि जेवण झाल्यावर ताटातली मोजायच्या. कमी भरलं तर "कोणी गिळलं?" मी एकदा मुद्दाम खिशात टाकलं होतं. हसून हसून ठसका लागला त्यांना, पाणी पाजावं लागलं. जेवायला बसले की अजून पहिलं आमसूल मी बाजूला काढते. बाकी लिहिते, दूध गॅसवर आहे

तिरसट_काका
पिठीत आमसूल? आमच्याकडे चिंच.

कुडाळची_सून
काका, आमच्याकडे चिंच घातली असती तर सासूबाईंनी तुम्हालाही नावाने हाक मारली नसती.

वांद्रीकर
पिठी घट्ट की पातळ? आणि लसूण ठेचून की अख्खी? सविस्तर सांगा, घरी कुळीथाचं पीठ पडून आहे.

कुडाळची_सून
पातळ. लसूण ठेचून, सालासकट. पीठ गार पाण्यात कालवून मग फोडणीत सोडा, नाहीतर गुठळ्या. भातावर घ्या, सोबत सुका बांगडा भाजून. शाकाहारी असाल तर पापड.

मोगरा७
आई पण सालासकटच ठेचायची.