ऑक्टोबरचा विश्वचषक आणि अण्णांचा प्रश्न

प्रेषक: शहापूर (सध्या बेळगावात)
प्रति: मंडळ, सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

सिडनीहून इथे आलोय, शहापूरच्या घरातून लिहितोय. वळवाने आत्ताच झोडपून काढलं, लाईट गेली होती ती आली. गल्लीत शिवजयंतीच्या चित्ररथाची ठोकाठोकी चालू आहे, त्यामुळे झोप तशीही लागणार नाही.

आधी कामाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रग्बी लीगचा, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीचा, विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, काही सामने पापुआ न्यू गिनीत. पुरुषांचे दहा संघ. अंतिम सामना १५ नोव्हेंबरला ब्रिस्बेनला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर बरोबर आठवड्याने. सिडनीतल्या एका सामन्याची तिकिटं मंडळाने मिळून काढावीत आणि पोरांना घेऊन जावं, असं मला फार वाटतंय. जमलं तर टोंगाचा नाहीतर सामोआचा सामना बघू. का, ते सांगतो. जरा लांबेल.

आमचे अण्णा ७८ वर्षांचे. तरुणपणी पहाटे तालीम, अंगाला लाल माती, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या. कान अजून तसेच मोडलेले आहेत. परवा रात्री आमच्या बारक्याने हट्ट धरला म्हणून २०२२ च्या विश्वचषकातला इंग्लंड-सामोआ उपांत्य सामना टीव्हीवर लावला. अण्णा खुर्चीत पेंगत होते. सामना सुरू होण्याआधी सामोआचा संघ ओळीत उभा राहिला, गुडघे वाकवले आणि मांड्यांवर थापा मारत त्यांचा 'सिवा ताऊ' सुरू झाला. अण्णांनी डोळे उघडले.

"काय करूलालेत हे?"

"सामन्याआधीचं आव्हान आहे त्यांचं, अण्णा."

"शड्डू ठोकूलालेत की!"

आणि स्वतःच्या मांडीवर एक थाप मारली. हात आता थरथरतो, खरं आवाज तोच. आईने आतून विचारलं, काय पडलं म्हणून.

मग अख्खा सामना त्यांनी बघितला. नियम बारक्याने शिकवले. एका बाजूला तेरा जण. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पास मात्र मागेच द्यायचा. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याचा. अण्णा बोटांवर मोजत होते. एका गड्याने खाली वाकून समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घेतले तेव्हा म्हणाले, "पट काढला!" दुसऱ्या वेळी म्हणाले, "डोकं चुकीच्या बाजूला घातलंय ह्याने, मान मोडून घेईल." बारक्याचा सिडनीतला कोच अगदी हेच सांगतो. त्यांना सगळ्यात आवडलं ते पाडल्यानंतरचं. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. इथे पडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, आणि खेळ पुढे चालू. "हे बरं हाय," म्हणाले.

सामना होताही तसाच. त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, इंग्लंडने सामोआला ६०-६ असं धुतलं होतं. चार आठवड्यांनी, १२ नोव्हेंबरला, लंडनमध्ये तेच दोन संघ, आणि ऐंशी मिनिटं संपली तेव्हा २६-२६. जादा वेळेत जो पहिला गुण करेल तो जिंकला. स्टीफन क्रायटनने चेंडू हातातून खाली सोडला, तो जमिनीला टेकून उसळताना लाथेने खांबांच्या मधून धाडला. एक गुण. २७-२६. अण्णांचा चहा हातातच होता, वर साय धरलेली.

मग प्रश्न आला. "ही पोरं सामोआतच राहतात काय?"

म्हटलं, नाही अण्णा. क्रायटनचा जन्म सामोआतला, खरं वाढला सिडनीच्या पश्चिमेला. जरोम लुआई, ब्रायन टोओ तर सिडनीतच जन्मले. तिघेही तेव्हा पेनरिथ क्लबचे, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी एक त्या देशात जन्मलेलं असलं तर तुम्ही त्या देशाकडून खेळू शकता. टोंगाचा जेसन टाउमालोलो न्यूझीलंडमध्ये जन्मला, न्यूझीलंडकडून खेळला, आणि २०१७ च्या विश्वचषकाला त्याने टोंगा निवडलं. हॅमिल्टनला मध्यंतरापर्यंत १६-२ ने मागे असलेल्या टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ ने हरवलं. लेबनॉनचा संघ तर उभाच राहिला सिडनीतल्या लेबनीज घरांमधून.

अण्णांनी खात्री करून घेतली. "आज्जीचं गाव चालतंय?"

"चालतंय."

"मग हा शहापूरचा," बारक्याकडे बघून म्हणाले.

बारका लगेच म्हणाला, "आणि आईच्या आजीचं नंदगड, ते पण माझंच ना?"

मी गप्प बसलो. ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी वीस वर्षं 'गोव्याजवळ' असं सांगत आलोय. पोराला कधी नीट सांगितलं नाही की शहापूर कुठे आहे, कपिलेश्वराचं देऊळ कुठे, आपण घरात मराठी का बोलतो आणि बाजारात कानडी का. त्याच्या संघात दोन सामोअन पोरं आहेत, एक लेबनीज. त्यांना आपल्या आजीच्या गावाचं नाव पाठ आहे. माझ्या पोराला ते एका रग्बीच्या सामन्यामुळे विचारावंसं वाटलं, याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

तिकिटांचं मनावर घ्या. मी पुढच्या आठवड्यात परत येतोय, येताना कुंदा आणतो.

शहापूर

---

प्रेषक: निपाणी
विषय: उत्तर: ऑक्टोबरचा विश्वचषक आणि अण्णांचा प्रश्न

दादा, मेल घरात मोठ्याने वाचून दाखवली. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

आता मनातलं बोलते, रागावू नका. बघायला न्यायला माझी ना नाही. खरं पोरं बघून आली की खेळायचं म्हणणार, आणि तिथे मला भीती आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्याला सरावात डोक्याला मार बसला. दहा मिनिटं बाकावर बसवलं, पाणी दिलं, परत मैदानात पाठवलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. गाडीत मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी हॉस्पिटल गाठलं, आणि वाटेत तो मला तेच ते विचारत होता, "आई, आपण कुठे चाललोय?" क्लबचं नाव काढत नाही. पोरगा आता ठणठणीत आहे. खरं ती रात्र माझ्या अंगातून गेलेली नाही.

मोठ्यांच्या स्पर्धेतसुद्धा आता डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर कमीत कमी अकरा दिवस बाहेर, असा नियम आहे. आपल्या पोरांच्या बाबतीत त्याहून कमी कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधी ओझटॅग खेळवा. कमरेला दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातली एक ओढली की टॅकल झाला. पळणं तेच, पास तोच, डोकं शाबूत.

आणि मुलींना विसरू नका. बायकांचा विश्वचषक याच दिवसांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी मागचे तिन्ही जिंकलेत. माझी धाकटी मागच्या वर्षापासून ओझटॅग खेळते, घरात सगळ्यात जोरात तीच पळते. बायकांच्या सामन्याची तिकिटंही काढणार असाल तर माझी चार धरा.

---

प्रेषक: खानापूर (ब्रिस्बेन)

शहापूरकर, तुमच्या अण्णांनी विचारलं तेच या क्वीन्सलंडवाल्यांनी फार वर्षांपूर्वी विचारलं होतं.

पूर्वी इथे राज्याराज्यांचे सामने व्हायचे तेव्हा खेळाडू ज्या राज्याच्या क्लबात खेळेल त्या राज्याचा धरायचे. पैसा सिडनीत. क्वीन्सलंडची चांगली पोरं सिडनीला जायची आणि न्यू साउथ वेल्सकडून, म्हणजे सिडनीच्या राज्याकडून, आपल्याच गावाविरुद्ध उतरायची. वर्षानुवर्षं क्वीन्सलंड हरत राहिलं. शेवटी ८ जुलै १९८० ला नियम फिरवून एक सामना लावला. तू आज कुठे खेळतोस ते नको, मूळचा कुठला ते सांग. आर्थर बीटसन तेव्हा पस्तीस वर्षांचा, कितीतरी वर्षं सिडनीत काढलेला. त्या रात्री तो क्वीन्सलंडचा कप्तान म्हणून इथल्या लँग पार्क मैदानावर आला आणि क्वीन्सलंड २०-१० ने जिंकलं. इथले म्हातारे ती रात्र सांगताना आजही उभे राहतात. याच मैदानावर नोव्हेंबरचा अंतिम सामना आहे.

मी हे ऐकलं तेव्हा मला माझा शाळेचा दाखला आठवला. त्यावर म्हैसूर राज्य. वडिलांच्या कागदावर मुंबई इलाखा. धाकट्या भावाच्या दाखल्यावर कर्नाटक. घर तेच, विहीर तीच, परड्यातला फणसही तोच. १९५६ ला रेघ ओढली गेली, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावर या लिस्टवर आपण पुष्कळ भांडून झालंय. मला आज भांडायचं नाही. एवढंच सांगायचंय की माझ्या आईचं माहेर बैलहोंगलचं. आजी कानडीतून ओव्या म्हणायची आणि मराठीतून रागवायची. मला कुणी 'तू कुठला' विचारलं की एकच नाव सांगावं लागायचं, आणि कुठलंही सांगितलं तरी एक आजी घराबाहेर राहायची. ब्रायन टोओ न्यू साउथ वेल्सकडूनही खेळतो आणि सामोआकडूनही. दोन्ही जर्सी त्याच्याच. असं चालतं हे मला साठीत आल्यावर एका खेळाने दाखवलं.

अंतिम सामन्याला कुणी येणार असेल तर आमच्या घरी उतरा. सहा जणांची सोय आहे.

---

प्रेषक: वडगाव (सध्या यॉर्कशायर)

मी आता मंडळाच्या हद्दीबाहेर आलोय, तरी लिस्टवरून माझं नाव काढलं नाही याबद्दल आभार.

निपाणीताईंचं म्हणणं पटलं. मला या खेळाचं मूळ सांगावंसं वाटतं, कारण ते आमच्या वडगावच्या फार जवळचं आहे. माझे वडील मागावर बसायचे. लुगडं उतरलं तर मजुरी. ताप आला, लग्नाला गेलं, माग थांबला, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. इथल्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींतही तसंच होतं. शनिवारी रग्बी खेळायला जायचं तर मजुरी बुडायची. उत्तरेकडचे क्लब म्हणाले, बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग आम्ही देतो. लंडनच्या मंडळींना ते मान्य नव्हतं, पैसे घेऊन खेळणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांना मजुरी बुडण्याची धास्तीच नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड स्टेशनजवळच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. तोच हा खेळ. १९०६ ला पंधराचे तेरा केले, पडल्यावर उठून खेळायचा नियम आणला. अण्णांना जे आवडलं, ते तेव्हाचं.

पहिला विश्वचषक १९५४ चा, फ्रान्समध्ये, चारच संघ. पंधरा जणांच्या रग्बीचा विश्वचषक त्यानंतर तेहतीस वर्षांनी सुरू झाला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

हडर्सफील्डला पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टेशनबाहेर उभा राहून वडिलांना फोन लावला आणि ही गोष्ट सांगितली. ते एवढंच म्हणाले, "सहा शिलिंग म्हणजे तेव्हाचे किती रे?" आणि मग बराच वेळ मागाचंच बोलत राहिले.

---

प्रेषक: शहापूर

सगळ्यांचे आभार. खानापूरकर काका, तुमची मेल आईला वाचून दाखवली. तिला बैलहोंगलची आठवण आली, तिची मावशी तिथलीच.

निपाणीताई, तुमचं सगळं मान्य. पुरुषांचा एक आणि बायकांचा एक, असे दोन सामने धरू. परत आल्यावर मैदानात उतरायचं असेल तर आधी ओझटॅग, हे मी बारक्याला सांगितलंय. त्याने तोंड पाडलं, मग अण्णांनी त्याला समजावलं की तालमीतही पहिले सहा महिने नुसत्या जोर-बैठका आणि माती उकरणं असायचं, अंगाला हात लावायला मिळायचा नाही.

आतापर्यंत एकवीस नावं आली आहेत. बाकीच्यांनी रविवारपर्यंत कळवा, म्हणजे सगळ्यांना एकाच स्टँडमध्ये जागा मिळेल.

अण्णांनाही ऑक्टोबरला घेऊन येतोय. पासपोर्टचं काम काल झालं, फोटो काढताना टोपी काढा म्हटलं तर बराच वेळ वाद घातला. त्यांना जिना चढवत नाही. खालच्या रांगेत, कठड्याजवळ जागा मिळते का हे कुणाला माहीत असेल तर सांगा. शड्डू जवळून ऐकायचा म्हणतात.