प्रभूमध्ये आनंद: तुम्हाला तो कुठे भेटला?

चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. मागच्या महिन्यात बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय घेतला होता. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." वचन पाठ करून घेतलं. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "टीचर, आनंद तर होतो ना? मग 'करा' कसं म्हणतात?"

प्रेषित पौलानं हे पत्र तुरुंगातून, बेड्यांत असताना लिहिलं, असं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. पण तिचा प्रश्न तिथेच राहिला आणि माझ्याबरोबर घरी आला. पोळ्या लाटताना तोच डोक्यात होता.

म्हणून हा धागा. इंदुरात आपण मराठी ख्रिस्ती माणसं थोडी. कुणाचे आजोबा नगरकडून मिलमध्ये आले, कुणाचे मिशनच्या दवाखान्यात. रस्त्यावर हिंदी, घरात मराठी, आणि प्रार्थना ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत. उपदेश नको, प्रसंग लिहा. आपण सगळे एकमेकांना ओळखतो, तेव्हा नाव न लिहिता नुसती ओळख द्या. आणि आनंद आलाच नसेल तर तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी मी पहाटे उठते, नळाशी पाट टाकून बसते आणि तेवढ्यात प्रार्थना उरकते. माझी प्रार्थना म्हणजे यादी असायची. मुलाची फी, सासूबाईंची शुगर, नणंदेचं लग्न. एका पहाटे यादी सुचेचना. नुसती बसले. तो आहे, आणि मी त्याच्याजवळ बसले आहे, एवढंच मनात होतं. बादली भरून पाणी मोरीतून अंगणात गेलं तेव्हा भानावर आले. त्या दिवशी मी काहीही मागितलं नव्हतं, आणि दिवसभर काहीही कमी पडलं नाही. तसं रोज होत नाही. पण झालं होतं, हे मी विसरू शकत नाही.

निवृत्त शिक्षिका, रामबाग

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला साठाव्या वर्षी पडला, तिला नवव्या वर्षी पडला. देव तिचं भलं करो.

आमच्या लहानपणी धर्मशिक्षण प्रश्नोत्तरांनी सुरू व्हायचं. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इंदुरात आले, १८८७ मध्ये त्यांनी क्रिश्चन कॉलेज सुरू केलं. त्यांच्या परंपरेतली वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी आमच्या घरापर्यंत पोचली होती. १६४७ सालची, १०७ प्रश्नांची. आई तांदूळ निवडत बसायची आणि सुपातून नजर न काढता विचारायची, "मनुष्याचा मुख्य हेतू काय?" मी उत्तर द्यायचे, "देवाचं गौरव करणं आणि सदासर्वकाळ त्याच्यामध्ये आनंद मानणं." पहिला भाग खणखणीत आवाजात. दुसरा कसाबसा, कारण तोवर लक्ष खेळायला जाण्याकडे.

पुढे आयुष्यभर तसंच झालं. गौरव हे माझं कर्तव्य होतं: शाळा, चर्चची महिला मंडळी, आजाऱ्यांच्या भेटी. आनंद म्हणजे मेल्यावर स्वर्गात मिळायचं बक्षीस. निवृत्त झाले, यजमान गेले, आणि एक दिवस मीच तांदूळ निवडत बसले असताना आईचा प्रश्न ऐकू आला. तेव्हा लक्षात आलं की प्रश्नात हेतू एकच विचारलाय. उत्तरात दोन गोष्टी आहेत, म्हणजे त्या दोन नव्हेतच.

आपण पाहुण्याला जेवायला बोलावतो. तो "फार छान, फार छान" म्हणत राहिला आणि ताटात निम्मं टाकून उठला, तर वाढणारीचा मान कुठे झाला? जो दुसरी पुरणपोळी मागून घेतो, वाटी पुसून खातो, त्यानं तिचा मान केला. चाळीस वर्षं मी देवाच्या पंगतीत बसून नुसतं "छान छान" म्हणत होते. आता जेवते. स्तोत्रसंहिता पूर्वी रोज एक अध्याय उरकायचे. आता एखाद्या ओळीवर आठवडा जातो. सोळाव्या स्तोत्रात दाविद म्हणतो की देवाच्या सान्निध्यात पूर्ण आनंद आहे. या ओळीवर मी पूर्ण श्रावण घालवला, खिडकीत बसून, पाऊस बघत.

स्टाफ नर्स, रात्रपाळी

फार लिहिता येणार नाही, ड्यूटीवर जायचंय. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग करताना आधी पट्टी सलाइननं पूर्ण भिजवावी लागते, नाहीतर नवी कातडी तिच्याबरोबर सोलून येते. वेळ लागतो. घाई करता येत नाही. त्या वेळात मी मनातल्या मनात गाते. एका रात्री ओठ हलत असावेत, कारण पेशंट म्हणाली, "सिस्टर, जोर से गाओ ना." गायले. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्यांच्या पाठीवरही फटक्यांच्या जखमा होत्या. हे मला नर्स म्हणून फार जवळचं वाटतं.

मिल कामगाराचा मुलगा, परदेशीपुरा

माझे बाबा कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. त्या वेळी मी नववीत होतो. महिन्या-दोन महिन्यांत चालू होईल म्हणत म्हणत वर्ष गेलं. देणी अडकली. बाबांनी आधी एका गोदामात रात्रीची राखण केली, मग हातगाडीवर भाजी लावली. आवाज द्यायला त्यांना जमायचं नाही. मिलमध्ये साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस, बोलायचा तेव्हा ओरडूनच बोलायचा, पण "आलू ले लो" म्हणताना त्याचा आवाज घशातच राहायचा.

घरात विकण्यासारखं जे होतं ते एकेक करून गेलं. आईच्या पाटल्या, सायकल, पितळी घंगाळ. वाजवायची पेटी राहिली. तिला गिऱ्हाईक आलं होतं, आईनंच परत पाठवलं.

त्या काळात बाबा पहाटे चारला मंडीत जायचे. निघण्याआधी कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली पवित्र शास्त्र उघडून बसायचे. हबक्कूक. जुन्या करारातलं तीन अध्यायांचं छोटं पुस्तक, पुष्कळांना सापडतही नाही. त्याच्या शेवटी संदेष्टा म्हणतो की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. बाबांनी त्यातल्या "तरी" या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. रोज पेन्सिल त्याच गोलावरून फिरायची. पुढे पुढे तिथला कागद चकचकीत झाला आणि मग विरला.

मला त्या "तरी"चा राग यायचा. दहावीच्या परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "कसला आनंद करता तुम्ही? आपल्या गोठ्यात काय आहे?" त्यांनी मला मारलं नाही, समजावलंही नाही. पेटी काढली. एकच भजन वाजवलं, तेही मधेच थांबून, कारण रडू आलं. मग डोळे पुसले आणि पुढचं कडवं म्हटलं. रडत म्हणाले, पण म्हणाले. मी दारात उभा होतो. माझा राग लगेच गेला, असं झालं नाही. पण हा माणूस नाटक करत नाहीये, एवढं मला त्या पहाटे कळलं. त्यांच्याकडे असं काहीतरी होतं जे मिलनं दिलं नव्हतं, म्हणून मिल बंद पडल्यावर गेलं नाही.

त्या पुस्तकाची शेवटची ओळ गाणाऱ्यांसाठीची सूचना आहे: प्रमुख गवयासाठी, तंतुवाद्यांवर. एवढ्या उद्ध्वस्तपणाचं वर्णन करून संदेष्टा ते गायला देतो. बाबा गेल्यावर ते शास्त्र माझ्याकडे आलं. आता त्या पानावर "तरी" नाही. तिथे भोक आहे.

वय ३८, अन्नपूर्णा रोड

आनंद आला नसेल तर तेही लिहा म्हणालात, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला दोन वर्षं नैराश्य होतं. सकाळी उठून दात घासायचेही डोंगर वाटायचे. चर्चमध्ये उभी राहायचे, तोंड हलायचं, आत काहीच नाही. "विश्वास कमी पडतोय, आनंद करायची आज्ञा आहे," असं एकीनं मला सांगितलं. ती माझ्या भल्यासाठीच बोलली असेल, पण त्या रात्री मला वाटलं की देवालाही मी नकोशी झाले. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना हात जोडून सांगते, हे वाक्य बोलू नका.

मी डॉक्टरकडे गेले. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांसाठी मी देवाचे आभार मानते. पाळकांच्या पत्नी दर गुरुवारी दुपारी यायच्या. भांडी घासून द्यायच्या, बाळाला मांडीवर घ्यायच्या आणि मला एक स्तोत्र वाचून दाखवायच्या. आनंदाचं मुद्दाम टाळायच्या. अठ्ठ्याऐंशीवं वाचायच्या, जे अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात आहे, हे मला माहीतच नव्हतं. मग तेरावं. ते "कोठवर?" या प्रश्नानं सुरू होतं. देवाला चार वेळा "कोठवर" विचारून झाल्यावर, सहा ओव्यांच्या त्या स्तोत्रात, शेवटी माणूस गातो. पहिले कित्येक महिने त्या पाचव्या ओवीच्या आधीच थांबायच्या. "उरलेलं तुझं तू म्हणशील तेव्हा," म्हणायच्या.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि त्याला चव लागली. नुसती पावाची चव, किंचित गोडसर. दोन वर्षांत मला कशाचीच चव लागली नव्हती. मी तिथेच गुडघ्यांवर बसून रडले. हे येशूनं माझ्यासाठी मोडलं होतं, मी अंधारात होते तेव्हाही. त्या गुरुवारी सहावी ओवी मी म्हटली.

निवृत्त शिक्षिका, रामबाग

बाई गं. तुमचा अनुभव दोनदा वाचला. एकच सांगते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आनंदाला "खारा" म्हणतात आणि कृपेला "खारिस". एकाच मुळाचे शब्द. आनंद कृपेच्या घरातला आहे, परीक्षेच्या निकालातला नाही.

भंवरकुआँ, स्पर्धा परीक्षेची तयारी

निकालाचा विषय निघालाच आहे तर माझंही. राज्यसेवेच्या यादीत तिसऱ्यांदा नाव नाही. मोबाइलवर पीडीएफ उघडून रोल नंबर शोधतो, तेव्हा बोट थरथरतं ते पुढे दोन दिवस थांबत नाही. यंदा निकाल संध्याकाळी लागला. खोलीवर एकटाच होतो. त्या दिवशीचा वाचनाचा भाग लूकचा दहावा अध्याय निघाला. सत्तर शिष्य मोठं यश मिळवून परत येतात, आणि येशू म्हणतो की त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. यादी तीच नाही, पण नाव आहे. मी कॉट सोडून उठलो, खाली जाऊन पोहे खाल्ले. आईला फोन करून निकाल स्वतः सांगितला. आधीच्या दोन्ही वेळा फोन बंद ठेवला होता.

चौथ्यांदा फॉर्म भरलाय. नाव यावं असं मनापासून वाटतं. पण ते आलं नाही तर मी कुणीच नाही, असं आता वाटत नाही.

शेजारीण, ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना?

माझ्या माहेरी वारी आहे. शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडे डिसेंबरात करंज्या करायला मी दरवर्षी जाते, दिवाळीत त्या आमच्याकडे येतात. त्या सारण भरताना भजनं म्हणतात आणि चाल ऐकून मी पहिल्यांदा चकित झाले होते. अभंगाचीच. त्यांनी सांगितलं की कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमची श्रद्धा वेगळी आहे, ते आम्ही दोघीही जाणतो. पण देवाचं नाव घेताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी आजोबांचा पाहिलेला होता. काकूंचा तसा होतो. एवढंच सांगायचं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. चालेल का काय विचारता ताई, पुढच्या डिसेंबरात करंज्यांना मलाही बोलवा.

काल वर्गात तुमच्यातले दोन-तीन अनुभव मुलांच्या भाषेत सांगितले. भाजीच्या हातगाडीचा सांगितल्यावर वर्ग शांत झाला. "रडत म्हणाले, पण म्हणाले" हे मी फळ्यावर लिहिलं. त्या मुलीनं वहीत उतरवून घेतलं, त्याच्याखाली "करा" असं लिहून दोन रेघा ओढल्या. मग तिनं विचारलं, त्या आजोबांची पेटी आता कुणाकडे आहे?

मिल कामगाराचा मुलगा, परदेशीपुरा

माझ्याकडेच आहे. भाता नवा करून घेतलाय, पण काळी चार दाबली की जराशी अडकते, बाबांच्या वेळेपासून. रविवारी वर्ग किती वाजता असतो? घेऊन येतो.